दम देणें आणि दम धरणें

दिवेलागणीची वेळ. "वही काढ," असें वडील तिसऱ्यांदां सांगतात. दहा वर्षांचा मुलगा खिडकीशींच उभा. वडिलांचा आवाज चढतो, मुलगा वही भिरकावतो, आजी मध्यें पडते आणि घटकाभरांत घराचें रणांगण होतें. हा प्रसंग आमच्याच घरांतला. मुलगा आमचा नातू. गेल्या वर्षीं डॉक्टरांनीं त्याच्या चंचलतेस नांव दिलें : एडीएचडी.

हा विकार कांहीं आजचा नव्हे. १९०२ सालीं लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनीं आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचें वर्णन केलें. मात्र त्यांनीं ती नैतिक संयमाची उणीव मानली. आज हा मेंदूच्या वाढीशीं निगडित व बव्हंशीं आनुवंशिक विकार समजला जातो. अशा मुलाचें लक्ष जसें आवरत नाहीं, तसा पुष्कळदां रागहि आवरत नाहीं. भावना आधीं उसळते, विवेक मागाहून येतो.

पण कलह एकट्या मुलाचा नसतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनीं १९८२ सालच्या आपल्या ग्रंथांत त्याचें चक्र उलगडून दाखविलें. मुलानें आरडाओरडा केला कीं थकून आपण माघार घेतों. मुलगा शिकतो कीं ओरडल्यानें सुटका होते. दुसऱ्या दिवशीं आपण अधिक ओरडतों, तो नमतो. आपण शिकतों कीं ओरडल्यानें काम होतें. दोघेहि एकमेकांचे गुरु!

हें चक्र मोडावयाचें तर आरंभ वडीलधाऱ्यांनींच केला पाहिजे. दुरून दहा आज्ञा सोडण्यापेक्षां जवळ जाऊन एकच लहान आज्ञा द्यावी. ती पाळतांच शाबासकी द्यावी. शिक्षा सौम्य, आधीं ठरलेली व तत्काळ असावी. राग चढूं लागतांच बोलणें थांबवावें, पाणी प्यावें, दूर व्हावें. उपदेश दोघेहि निवल्यावरच. औषधाचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानें घ्यावा.

छत्तीस वर्षें आम्हीं वर्गांत दम दिला, आणि घरींहि. आमचे चिरंजीव लहानपणीं असेच होते. त्यांच्या उसळीला आमच्या छडीचें उत्तर मिळे. संस्कृतांत 'दम' म्हणजे आत्मनिग्रह, हें आम्ही मुलांस शिकवीत होतों. स्वतः मात्र मराठींतला 'दम' तेवढा वापरला. परवां वाद पेटतांच चिरंजीव गॅलरींत जाऊन उभे राहिले. त्यांनीं दम धरला. वही अर्ध्या तासानें निघाली, पण भिरकावली गेली नाहीं. जें आम्हांस साधलें नाहीं, तें त्यांनीं साधलें. हें त्यांस सांगावयाचें राहिलें आहे. आज रात्रीं सांगूं.