संशोधन कोणाचे? आरोग्य-संशोधनातील लोकांची भागीदारी

एक साधा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी दोन मुली फॉर्म घेऊन आमच्या दारी आल्या. घरात माणसं किती, कुणाला साखर आहे का, बीपी आहे का, असं सगळं विचारलं. मी उत्तरं दिली, सही केली. त्यातून काय निष्पन्न झालं, ते आजतागायत मला कुणी सांगितलेलं नाही. मग माझा प्रश्न असा, की त्या संशोधनात मी कोण होतो? सहभागी, की नुसतं साधन?

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली एक सूत्र मांडलं: माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. यातला 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. संशोधनात आपण एकमेकांच्या उपयोगी पडतोच, त्यात गैर काही नाही. पण ज्याची माहिती घ्यायची, त्याचं म्हणणंही त्यात आलं पाहिजे.

हे प्रत्यक्षात कसं होतं? आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण घेऊ. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. हे दुखणं बायकांना ठाऊक नव्हतं का? होतं! विचारणारं कुणी नव्हतं.

पुढे नवजात बाळांच्या मृत्यूचा प्रश्न आला. ३९ गावांत गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत केलं. त्या घरी जाऊन बाळाला तपासत, उपचार करत. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात-मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी दिसला. हे १९९९ साली प्रसिद्ध झालं. पुढे घरोघरी नवजात बाळाची काळजी हे देशभर आशाताईंचं काम झालं.

इथे कुणी म्हणेल, "सर, सामान्य माणसाला शास्त्र काय कळतं?" आक्षेप रास्त आहे. तुलनेची गावं कशी निवडायची, आकडेमोड कशी करायची, हे मतदानाने ठरत नाही. ते शास्त्रज्ञाचंच काम. पण कोणतं दुखणं आधी, कुणाच्या भाषेत विचारायचं, निष्कर्षांचं पुढे काय करायचं, हे एकट्या शास्त्रज्ञाने ठरवायचं नाही. भागीदारी म्हणजे कामाची वाटणी, आणि अधिकाराचीही.

आता आपल्या जोगेश्वरीकडे या. इथे एका गल्लीत मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती कानावर पडतं. एकच प्रश्न चार घरांत चार अर्थांनी ऐकला जातो. सासूसमोर सुनेला पाळीबद्दल विचारलं, तर खरं उत्तर मिळेल का? हे शेजारची बाई जाणते, दुरून आलेला संशोधक जाणत नाही. म्हणून भागीदारी हा उपकार नव्हे. तिच्याशिवाय आकडाच खोटा निघतो.

आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांतही समाजाला सोबत घेण्यावर भर आहे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी फॉर्म घेऊन आलं, तर दार लावू नका. पाणी द्या, आणि तीन गोष्टी विचारा: हा प्रश्न कुणी ठरवला? माझी माहिती कुठे जाणार? निष्कर्ष सांगायला परत कधी येणार? मी त्या दिवशी हे विचारलं नाही. तुम्ही विचारा.