तुतवार
तुतवार : कॅरॅड्रिइफॉर्मीस गणाच्या स्कोलोपॅसिडी कुलातील स्थलांतरी पाणपक्षी. यास तुतारी असेही म्हणतात. शास्त्रीय नाव ॲक्टायटिस हायपोल्यूकॉस. लांबी सु. २० सेंमी.; पाठ हिरवट तपकिरी, पोट पांढरे. शेपटीकडील भाग तो सतत खालीवर हालवितो व पाण्यालगत उडताना बारीक, तीक्ष्ण शीळ घालतो.

यूरोपपासून जपानपर्यंत याची वीण होते. भारतात ती काश्मीर, लडाख व गढवाल येथे, पहाडी ओढ्यांकाठी उन्हाळ्यात होते. जमिनीवरील खळग्यात घातलेली चार अंडी नर-मादी दोघेही उबवितात.

पुण्यात मुळा-मुठेच्या पात्रात तो पावसाळा सरण्यापूर्वीच येतो व एप्रिल-मेपर्यंत राहतो. बहुधा एकटाच हिंडतो. पाणी व जमीन यांमधील ओल्या पट्टीत त्यास कीटक, अळ्या व कृमी मिळतात. सांडपाण्याच्या कडेलाही तो चरताना दिसतो, तेव्हा केवळ घाणीने तो हटतो असे नाही. त्यास उथळ, उतरती कड मात्र हवी. नदीकाठ सुधार प्रकल्पाचा पायाभरणी समारंभ २०२२ मध्ये झाला. उतरत्या दगडी बांधावर तुतवार वावरू शकतो. उभ्या भिंतीच्या पायथ्याशी खोल पाणी असल्यास ही पट्टीच उरत नाही.