थांबलेले हृदय आणि रात्रपाळीची परिचारिका

वॉर्डात एखाद्याचे हृदय अकस्मात थांबले, की यशापयशाचे माप आपण डॉक्टर स्वतःच्याच पदरी घेतो. निवासी डॉक्टर असताना एका पहाटे मी धावत पोहोचलो, तेव्हा रुग्णाचे अंग गार पडले होते. तीस खाटांमागे एकच परिचारिका होती. दोष तिचा नव्हता.

अमेरिकेतील ५०७ रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयातच हृदयक्रिया बंद पडलेल्यांपैकी दिवसा व सायंकाळी सुमारे २० टक्के, तर रात्री १५ टक्केच रुग्ण वाचून बाहेर पडले. हृदय पूर्णतः स्तब्ध झाल्यावर सापडणारे रुग्णही रात्री अधिक होते. तेथीलच २०१६ सालच्या दुसऱ्या अभ्यासात, सर्वसाधारण वॉर्डात परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला, की वाचण्याची शक्यता ५ टक्क्यांनी घटलेली आढळली.

यात नवल नाही. हृदय थांबण्यापूर्वी काही तास श्वास व नाडी बहुधा इशारा देत असतात. तो टिपणारे कोणी जवळ हवे. डिफिब्रिलेटर घेताना आपण हात आखडत नाही. मग रात्रपाळीस आणखी एक परिचारिका नेमताना तो का आखडावा?