किल्लारी, १९९३ : दगडमातीच्या भिंती

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या ६.२ महत्तेच्या भूकंपात हजारो माणसे दगावली. बहुतेक घराच्या ढिगाऱ्याखालीच.

भिंत : दोन फुटांहून जाड. आतबाहेर अनघड दगडांचे दोन पदर व मधल्या पोकळीत चिपामातीची भर, परंतु दोहोंस आरपार सांधणारा दगड नसल्यामुळे हादऱ्यासरशी पदर विलग होऊन भिंत ढासळली.

माळवद : तुळयांवर मातीचा जाड थर, उन्हाळ्यात सुखद, पडताना प्राणघातक. मात्र लाकडी खांबांवर पेललेली काही माळवदे भिंती गेल्यावरही (हे विशेष) उभी होती.

सरकारदप्तरी : त्या समयी हा टापू सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या भूकंप-विभागात मोडत होता, २००२ साली तो विभागच रद्द झाला.

बळकटी : आरपार दगड, छतालगत चारही भिंतींस बांधणारा सलग काँक्रीटचा पट्टा.