खेळातली बखर आणि खेळाडूचे मन

मुले संगणकावर तासन्‌तास काय खेळतात, हा प्रश्न अनेक घरांत पडतो. त्यातला एक खेळ समजून घेण्याजोगा आहे. अमेरिकेतील ब्लिझर्ड कंपनीने २००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आणला. त्यातले काही सर्व्हर सोंग वठवणाऱ्यांसाठी वेगळे ठेवले आहेत. तेथे खेळाडू नुसता लढत नाही. नाटकातल्याप्रमाणे आपल्या पात्राच्या तोंडून बोलतो. फक्त संवाद कुणी लिहून दिलेले नसतात.

कंपनीने त्या काल्पनिक जगाची बखर मात्र लिहिली आहे. ऑर्क दुसऱ्या जगातून आले, माणसांशी त्यांचे युद्ध झाले, हे ठरलेले. अशात कुणी उठून ‘मीच राजाचा हरवलेला मुलगा’ म्हणाला, तर साऱ्यांची गोष्ट त्याच्याच भोवती फिरू लागते. त्यापेक्षा लोहार व्हावे, खानावळ चालवावी. अशा साध्या माणसांविषयी बखर फारसे बोलत नाही, म्हणून तेथे मोकळीक भरपूर.

पण बखर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. २००२ च्या माहितीपुस्तकात एरेडार जमातीने सार्गेरास या टायटनला बिघडवले होते. २००७ च्या नव्या भागात उलटेच झाले. सार्गेरासनेच त्यांना बिघडवले! लेखक क्रिस मेट्झेन यांनी ही आपली चूक उघडपणे मान्य केली.

लिहिणाराही चुकतो, तर ‘बखरीत नाही’ म्हणून नवख्याला हाकलू नये. आणि नवख्यानेही आपल्या गोष्टीत दुसऱ्याला बोलायला जागा ठेवावी.