प्रॉक्सी कॅश: काय साठवायचं, किती वेळ, आणि काय मुळीच नाही

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला निघालेले लोक एकाच वेळी फोन उघडतात. खोली मिळेल का, किल्ल्याची होडी सुरू आहे का? समजा, हे बुकिंगचं ॲप्लिकेशन छोट्या सर्व्हरवर आहे. दर वेळी डेटाबेस धुंडाळून पान तयार करता करता तो दमतो. म्हणून त्याच्या पुढे एन्जिन-एक्स बसवायचं. ते तयार पानाची प्रत ठेवतं आणि पुढच्या माणसाला तीच देतं. हेच प्रॉक्सी कॅशिंग.

सेटिंग चार ओळींचं. 'प्रॉक्सी कॅश पाथ'मध्ये जागा सांगायची, 'प्रॉक्सी कॅश व्हॅलिड'मध्ये मुदत. अवघड आहे ते मुदत ठरवणं. पण बघा, सोलं बरणीत वर्षभर टिकतात, ताजा बांगडा त्याच दिवशी संपवावा लागतो. पानांचंही तसंच.

सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं, हे उद्या बदलणार नाही. त्या पानाला एक दिवस द्या. रिकाम्या खोल्यांच्या पानाला १० सेकंद पुरे. सेकंदाला ५० जण ते पान मागत असले, तर ५०० विनंत्यांपैकी जवळपास एकच ॲप्लिकेशनपर्यंत जाते. मात्र प्रत्यक्ष बुकिंग करताना खोली डेटाबेसमध्येच तपासायची, प्रतीवर विसंबायचं नाही.

आता 'प्रॉक्सी कॅश यूज स्टेल'. ॲप्लिकेशन बंद पडलं, तर मुदत संपलेली प्रत देण्याची ही सोय. इतिहासाच्या पानाला उत्तम. होडीच्या पानाला नको! समुद्र खवळलाय, होड्या थांबल्यात आणि पान म्हणतंय 'सुरू'. मुलंबाळं घेऊन आलेलं कुटुंब जेटीवर ताटकळणार. तिथे 'माहिती उपलब्ध नाही' हे उत्तर बरं.

सगळ्यात मोठा धोका 'माझं बुकिंग' या पानाचा. एन्जिन-एक्स प्रत ओळखतं ती मुख्यतः पत्त्यावरून, कुकी त्या ओळखीत मुळात नसते. दोघांनी एकच पत्ता मागितला, की एकाचं नाव आणि फोन नंबर दुसऱ्याला दिसू शकतो. नवी कुकी देणारं उत्तर ते आपणहून साठवत नाही, हे खरं. पण कुकी बहुधा लॉगिनच्या वेळीच दिली जाते, पुढच्या पानांना ते संरक्षण नसतं. शिवाय 'कॅश होतच नाही' म्हणून काही जण 'इग्नोर हेडर्स' लावून मोकळे होतात, म्हणजे होतं तेही कुंपण गेलं. म्हणून ॲप्लिकेशनने अशा पानांवर 'नो-स्टोअर' पाठवावं आणि एन्जिन-एक्समध्येही त्या पत्त्याचं कॅशिंग बंद ठेवावं.

शेवटी तपासणी. उत्तराच्या हेडरमध्ये कॅशची स्थिती दाखवा: प्रत मिळाली तर 'हिट', नाहीतर 'मिस'. दोन ब्राउझरमध्ये दोन वेगळ्या खात्यांनी लॉगिन करा आणि पानं पुन्हा पुन्हा उघडा. किल्ल्याच्या पानावर 'हिट' दिसलं पाहिजे. 'माझं बुकिंग'वर ते एकदाही दिसलं, तर साइट लोकांसाठी उघडू नका.