स्थळ पाहणी

बँकेच्या नोकरीत मी शेकडो पाहणी अहवाल लिहिले. त्यांतला एक मात्र अजून टोचतो. साखऱ्याचा, १९९२ सालचा. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. तेव्हा साखरा परभणीतच. एका शेतकऱ्याने विहिरीसाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते थकले होते. भर पाऊस, गुडघाभर चिखल आणि मला परतायची घाई. जीपमधून न उतरताच शेरा मारला : 'विहीर आढळली नाही. कर्जाचा गैरवापर.'

भाद्रपदात वसुलीला गेलो, तर तो विहारात. वर्षावास चालू होता. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारांत बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. मीही मागे टेकलो. वाचन अष्टांगिक मार्गावर आले होते. त्यात पहिली सम्यक दृष्टी. अविद्या घालवणे हा तिचा हेतू, आणि त्यासाठी मन मोकळे हवे, असे बाबासाहेब सांगतात. ऐकताना मी हातातली फाइल उगाच या मांडीवरून त्या मांडीवर ठेवत होतो.

वाचन संपल्यावर त्याने मला शेतात नेले. विहीर होती. बांधकामाआधीच पहिल्या पावसात ढासळलेली, काळ्या मातीने निम्मी बुजलेली.

"साहेब, गैरवापर म्हंजी काय वो?"

शेरा मी बदलला. पण नोटिशीच्या धसक्याने त्याने बैलजोडी आधीच विकली होती.

निवृत्तीनंतर इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवस बसलो. सत्यनारायण गोएंकांनी तिथे १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे चालवली. पहाटे चारला घंटा, बोलणे बंद. सुरुवातीचे तीन दिवस नुसता श्वास पाहायचा. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना जशा असतील तशा न्याहाळणे. गुडघा ठणकला की मन लगेच शेरा मारी : 'असह्य.' नीट पाहिले तर ठणक सारखी बदलत होती. शेरा तेवढा जागचा हलत नव्हता. माझ्याच हस्ताक्षरातला वाटला!

शेजारी दुःख असताना डोळे कसले मिटता, असे माझे काही आंबेडकरवादी मित्र विचारतात. मुद्दा बिनतोड आहे. बैल काही माझ्या गुडघ्यातून विकले गेले नव्हते.

गेल्या वर्षी साखऱ्याला गेलो. तो आता थकला आहे.

"धा दिस डोळे मिटून काय दिसलं, साहेब?"

"जीपची काच," मी म्हणालो.

तो हसला नाही. काठी घेऊन उठला. विहीर आता बांधून काढलेली आहे, मोटार बसवली आहे. मी कठड्यावरून वाकलो. पाणी बरेच खाली होते.